गवताच्या बिया आणि सरकारी कागद

नेवाडा राज्यातली हंबोल्ट नदी समुद्राला मिळत नाही. ईशान्येच्या डोंगरांत ती उगम पावते, सुमारे ३०० मैल पश्चिमेकडे वाहत जाते आणि एका खारट दलदलीत जिरून जाते. त्या भागातल्या बहुतेक नद्यांची हीच गत. पूर्वेला वासाच डोंगर, पश्चिमेला सिएरा नेवाडा, आणि मध्ये पडलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. भूगोलात या प्रदेशाला ग्रेट बेसिन म्हणतात. १८४० नंतर कॅलिफोर्नियाकडे गाड्या हाकत निघालेल्या गोऱ्या कुटुंबांना हा मुलुख कधी एकदा मागे पडतो असं व्हायचं. इथली माणसं काठीनं जमिनीतली मुळं उकरताना दिसायची, म्हणून या प्रवाशांनी त्यांना ‘डिगर’, म्हणजे उकरे, असं हिणवलं. मार्क ट्वेननं १८७२ साली आलेल्या ‘रफिंग इट’ या पुस्तकात इथल्या गोशूट शोशोनींची यथेच्छ टवाळी केली. त्याची लेखणी एरवी बड्या लोकांच्या फजितीवर चालायची. इथे ती उपाशी माणसांवर चालली.

ती माणसं उपाशी का होती, हे मात्र त्यानं विचारलं नाही. शोशोनींचा इतिहास सांगताना मला लढायांपेक्षा हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

शोशोनींचा मुलुख चांगलाच ऐसपैस होता. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीपासून नेवाडा, उत्तर यूटा, दक्षिण आयडाहो ओलांडून तो वायोमिंगच्या विंड रिव्हर डोंगररांगेपर्यंत पसरलेला. एवढ्या मोठ्या प्रदेशावर एक राजा, एक राजधानी असा प्रकार नव्हता. पाच-दहा कुटुंबं एकत्र हिंडायची आणि ज्या भागात जे मुख्य अन्न, त्यावरून तिथल्या लोकांची ओळख ठरायची. लेम्हाय खोऱ्यातले अगाइडिका म्हणजे सॅमन मासा खाणारे. यलोस्टोनच्या उंच कड्यांवरचे तुकुडिका म्हणजे रानमेंढे खाणारे. पूर्वेच्या माळावरचे कुत्सुंडिका, म्हणजे गवे, बायसन, खाणारे. कुटुंब दुसऱ्या खोऱ्यात जाऊन राहिलं की त्याची ओळखही बदलायची. तुकुडिका मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्याची शिंगं तापवून, मऊ करून त्यांची धनुष्यं बनवत आणि पाठीला स्नायूंचे धागे चिकटवत. या धनुष्यांना दूरदूरच्या टोळ्यांत मागणी होती.

नेवाडातल्या पश्चिम शोशोनींचा सगळा भरवसा मात्र एका बुटक्या झाडावर होता. पिन्यॉन हा पाइनचाच एक प्रकार. आपल्याकडे सुक्या मेव्यात चिलगोजा मिळतो, तोही पाइनच्याच एका जातीचा. पिन्यॉनचं फळ पिकायला दोन उन्हाळे लागतात. त्यामुळे पुढच्या वर्षी कुठल्या डोंगरावर पीक येणार, हे या वर्षीच्या कोवळ्या शंकूंवरून जाणकारांना कळायचं आणि त्यावर हिवाळ्याचा मुक्काम ठरायचा. शरद ऋतूत सगळी कुटुंबं डोंगरावर जमायची. लांब काठ्यांनी शंकू झोडपून पाडायचे, डिंकानं हात काळे-चिकट व्हायचे. हिरवे शंकू खड्ड्यात भाजले की उघडतात आणि बिया मोकळ्या होतात.

पुढचं काम बायकांचं. विलोच्या काटक्यांची पसरट टोपली घ्यायची, तीत बिया आणि धगधगते निखारे एकत्र टाकायचे आणि आपल्याकडे बाई सुपात धान्य पाखडते तसं ते सारखं उडवत राहायचं. हात थांबला की टोपली पेटणार. कवच कडक झालं की निखारे बाजूला काढायचे, बिया दगडी पाट्यावर हलकेच फोडायच्या, टरफल पाखडून टाकायचं, गर पुन्हा भाजायचा आणि दळायचा. त्या पिठाची पेज हिवाळ्याचं मुख्य जेवण. उन्हाळ्यात गवताच्या बिया आणि मुळं होती, शरदात सगळ्यांनी मिळून लांब जाळी लावून सशांची हाकाशिकार व्हायची. सशांची कातडी पट्ट्या-पट्ट्यांनी विणून केलेली गोधडी हीच थंडीतली ऊब.

या बिया इथे आल्या कशा, याची एक गोष्ट आहे. गोष्टी हिवाळ्यातच सांगायच्या, असा शोशोनींचा दंडक. गोष्टीत सगळी जनावरं माणसांसारखी वागतात आणि मध्यभागी असतो कोयोट, म्हणजे तिकडचा कोल्हा: लबाड, हावरा आणि तरीही सगळी दुनिया ज्याच्या उचापतींतून घडली असा. एकदा उत्तरेकडून वाऱ्यावर पिन्यॉनचा वास आला. तो इतका तीव्र, की कोयोटच्या नाकातून रक्त वाहू लागलं. तो आणि त्याचे सोबती उत्तरेला गेले. तिथल्या लोकांनी त्यांना पातळ पेज पाजली, बिया मात्र दृष्टीस पडू दिल्या नाहीत. रात्रभर खेळ झाले. यजमान दमून झोपले, तेव्हा लपवलेल्या बिया पक्ष्यांनी चोचीनं टोचून काढल्या आणि सगळ्यांनी दक्षिणेकडे धूम ठोकली. पाठलाग करणाऱ्यांनी एकेकाला गाठून मारलं. शेवटी एका पक्ष्यानं आपल्या कुजलेल्या, दुर्गंधी येणाऱ्या पायात बी दडवली. तिथे हात घालायची कुणाची छाती झाली नाही. ती बी ग्रेट बेसिनच्या डोंगरांवर सांडली, तिथे झाडं उगवली आणि उत्तरेत एकही उरलं नाही. तपशील खोऱ्यागणिक बदलतो. कुणाच्या गोष्टीत वाटेत बर्फाची भिंत आहे, कुणाच्या गोष्टीत वेगळाच पक्षी. पण पिन्यॉनची उत्तरेकडची हद्द कुठे संपते, हे ऐकणाऱ्या पोराला गोष्टीतून कायमचं पाठ होतं.

पूर्वेकडच्या शोशोनींचं आयुष्य १७०० च्या सुमारास पार बदललं. १६८० साली न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो लोकांनी स्पॅनिशांना हाकलून दिलं आणि त्यांचे घोडे उत्तरेकडच्या टोळ्यांच्या हाती पडले. उत्तरेत घोड्यावर मांड ठोकणाऱ्या पहिल्या टोळ्यांत शोशोनी होते. त्यांच्यातलाच एक मोठा गट घोड्यांच्या मागे दक्षिणेला उतरला आणि पुढे टेक्ससच्या माळावर कोमांची नावानं दरारा गाजवू लागला. दोघांच्या भाषा आजही सख्ख्या बहिणी आहेत. मागे राहिलेल्यांचं वैभव फार टिकलं नाही. ब्लॅकफीट टोळ्यांना कॅनडातल्या व्यापाऱ्यांकडून बंदुका मिळाल्या, शोशोनींना मिळाल्या नाहीत. त्यात १७८० नंतर देवीची साथ आली. माळावरचे घोडेस्वार पुन्हा डोंगरांच्या आडोशाला गेले.

याच काळात लेम्हाय खोऱ्यातली एक मुलगी हिदात्सा टोळीच्या धाडीत पकडली गेली. तिचं नाव सॅकागावेआ. पुढे ती तूसाँ शार्बोनो या फ्रेंच-कॅनेडियन व्यापाऱ्याची बायको झाली आणि १८०५ साली, कडेवर दोन महिन्यांचं पोर घेऊन, लुइस आणि क्लार्क यांच्या सरकारी शोधमोहिमेबरोबर पश्चिमेला निघाली. अमेरिकेत तिचे जितके पुतळे आहेत तितके फार थोड्या बायकांचे असतील; २००० साली तर ती डॉलरच्या नाण्यावर आली. पुतळ्यात ती बहुधा हात लांब करून वाट दाखवत असते. खरं तर बहुतांश वाट तिलाही अनोळखी होती. तिचं पहिलं काम रोजनिशीत नोंदवलेलं आहे, ते वेगळंच. मोहीम निघून दोनच दिवस झाले असताना, ९ एप्रिलला, ती काठी घेऊन ओंडक्यांच्या ढिगांभोवती जमीन टोचत फिरली आणि उंदरांनी साठवलेली कंदमुळं शोधून घेऊन आली. ज्या कामासाठी तिच्या लोकांना पुढे ‘उकरे’ म्हणून हिणवलं गेलं, त्याच कामानं मोहिमेला भाजी मिळाली.

ऑगस्टमध्ये लुइस थोड्या माणसांनिशी पुढे जाऊन लेम्हाय शोशोनींच्या छावणीत पोचला. छावणीत खायची ददात होती. तिथे एकानं त्याला भाजलेल्या ताज्या सॅमनचा तुकडा दिला. सॅमन समुद्रातून वर चढतो. म्हणजे हे पाणी पॅसिफिकला मिळतं, हे लुइसनं त्या घासावरून ओळखलं. त्यांचा प्रमुख कॅमेआवेट यानं त्याला सांगितलं ते बंदुकांबद्दल: आमच्याकडे त्या असत्या, तर डोंगरात लपून मुळं-बोरं खायची वेळ आली नसती, उघड्या माळावर गवे मारले असते. १७ ऑगस्टला सॅकागावेआ मागून आली. बोलणी सुरू झाली आणि दुभाषी म्हणून बसलेल्या तिच्या लक्षात आलं की समोरचा प्रमुख आपला भाऊ आहे. ती उठली, त्याच्या अंगावर आपली घोंगडी टाकली आणि रडू लागली. मोहिमेला तिथून घोडे मिळाले. शार्बोनोला शेवटी ५०० डॉलर आणि वर जमीन मिळाली. तिला काही नाही. भावाच्या लोकांना बंदुकाही मिळाल्या नाहीत. १९०७ साली लेम्हाय शोशोनींना ते खोरं सोडायला लावून दक्षिणेला फोर्ट हॉलच्या राखीव क्षेत्रात नेलं. सॅकागावेआच्या मृत्यूची नोंद १८१२ ची आहे, पण विंड रिव्हरच्या शोशोनींच्या सांगण्यानुसार ती म्हातारी होऊन १८८४ साली त्यांच्यात वारली. फोर्ट वॉशाकीच्या दफनभूमीत तिच्या नावाचा दगड आहे.

गाड्यांचे तांडे सुरू झाले तसं खरं संकट सुरू झालं. तांड्यांबरोबर गुरं होती आणि गुरांनी नदीकाठचं गवत बी धरण्याआधीच फस्त केलं. पाठोपाठ वस्त्या आल्या. उत्तर यूटातलं कॅश खोरं हे वायव्य शोशोनींचं गवताच्या बियांचं आणि शिकारीचं ठिकाण. १८६० पर्यंत तिथे मॉर्मन पंथाच्या शेतकऱ्यांची गावं उभी राहिली. त्यांचा धर्मगुरू ब्रिगॅम यंग म्हणायचा, लढण्यापेक्षा खायला घालणं स्वस्त; पण रोज दारात येणाऱ्या भुकेल्यांना गहू देऊन शेतकरी कंटाळले. गुरांच्या चोऱ्या झाल्या, प्रवाशांवर हल्ले झाले, खून झाले. सॉल्ट लेक सिटीच्या वरच्या टेकाडावर कर्नल पॅट्रिक कॉनर कॅलिफोर्नियाच्या स्वयंसैनिकांची पलटण घेऊन बसला होता. देशात यादवी युद्ध पेटलेलं आणि आपण मात्र टपालाच्या रस्त्यावर पहारा देत बसलोय, याची त्याला चरफड होती.

२९ जानेवारी १८६३ च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, त्याचे सैनिक बेअर नदी ओलांडून बोआ ओगोई इथल्या हिवाळी मुक्कामावर चालून गेले. शोशोनींकडचा दारूगोळा लवकरच संपला. त्यानंतर जे झालं त्याला लढाई म्हणता येत नाही. बायका-मुलं नदीच्या गोठलेल्या पाण्यात शिरली, विलोच्या झुडपांत लपली. तिथेही गोळ्या पोचल्या. कॉनरनं अहवालात मृतांचा आकडा २२४ दिला. इतरांच्या मोजणीत तो ४०० च्या पुढे जातो. त्याचे स्वतःचे वीसेक सैनिक मेले. सैनिकांनी ७० च्या वर झोपड्या जाळल्या, १७५ घोडे नेले आणि साठवलेला गहू नष्ट केला. जिवंत राहिलेल्या बायका-मुलांसाठी थोडा गहू ठेवला, असंही अहवालात नमूद आहे. कॉनरला बढती मिळाली.

प्रमुख सॅगविच हाताला गोळी लागूनही निसटला. त्याचा बाराएक वर्षांचा मुलगा, ज्याला पुढे येगर टिंबिंबू म्हणू लागले, आजीबरोबर प्रेतांमध्ये पडून राहिला. हलू नकोस, डोळे उघडू नकोस, असं आजीनं बजावलेलं. पोराला राहवलं नाही, त्यानं डोळे उघडले. समोर एक सैनिक त्याच्यावर बंदूक रोखून उभा. सैनिकानं बंदूक खाली केली, पुन्हा उचलली, पुन्हा खाली केली आणि तो निघून गेला. येगर म्हातारा होईपर्यंत ही हकिगत नातवंडांना सांगत राहिला. त्याच्या नातीनं, मे टिंबिंबू पॅरी यांनी, ती लिहून ठेवली. म्हणून आज आपल्यापर्यंत कॉनरच्या अहवालाखेरीज दुसरी बाजू आली. १९३२ साली तिथे उभारलेल्या स्मारकाच्या पाटीवर मात्र ‘लढाई’ असंच कोरलं गेलं आणि मेलेल्या बायका-मुलांनाही लढवय्ये ठरवलं गेलं. २०१८ साली वायव्य शोशोनींनी त्या जागेतली सुमारे ५५० एकर जमीन स्वतः विकत घेतली. बाहेरून आलेली झाडं उपटून तिथे आता पुन्हा विलो लावायचं काम चालू आहे.

बेअर नदीवरच्या कत्तलीच्या त्याच वर्षात सरकारनं शोशोनींच्या गटागटाशी तह उरकले. पूर्वेकडचा वॉशाकी हा त्यांच्यातला सगळ्यांत धूर्त राजकारणी. गोऱ्यांचा मित्र म्हणून शाळेच्या पुस्तकांत त्याचं गुणगान असतं. माझ्या मते त्याचा हिशोब सरळ होता: लकोटा आणि शायेन या टोळ्यांपुढे आपली माणसं थोडी, तेव्हा बंदूकवाल्याशी सख्य बरं. १८६८ च्या तहात त्यानं विंड रिव्हरचं खोरं मिळवलं. त्याच तहात आयडाहोतल्या बॅनक लोकांना कॅमस प्रेअरीचा काही भाग मिळायचा होता. कॅमस हा निळ्या फुलांचा कंद. खड्ड्यात दिवसभर भाजला की गोड होतो. तहाच्या कागदावर ‘कॅमस’च्या जागी ‘कॅन्सस’ लिहिलं गेलं. कॅन्सस तिथून शेकडो मैल दूर. १८७८ साली वसाहतवाल्यांची डुकरं त्या माळावरचे कंद उकरून खाऊ लागली आणि बॅनक युद्ध पेटलं. त्यात बॅनकांबरोबर शोशोनीही होरपळले.

वॉशाकीचं खोरंही हळूहळू आक्रसत गेलं. १८९६ साली थर्मोपोलिसचे गरम पाण्याचे झरे ६०,००० डॉलरच्या मोबदल्यात गेले. त्यातलं काही पाणी सर्वांना फुकट मिळावं, असं ठरलं होतं. तेवढं मात्र पाळलं गेलं. थर्मोपोलिसच्या सरकारी स्नानगृहात आजही पैसे पडत नाहीत. वीस मिनिटं झाली की बाहेर यायचं, एवढीच अट.

पश्चिम शोशोनींचा तह १ ऑक्टोबर १८६३ ला रूबी व्हॅलीत झाला आणि तो कागद वाचण्यासारखा आहे. त्यात तारायंत्र, रेल्वे, खाणी यांना वाट दिली आहे. जमीन विकल्याचा शब्द कुठेच नाही. राष्ट्राध्यक्षांना योग्य वाटेल तेव्हा या लोकांनी भटकणं सोडून गुरं पाळावीत किंवा शेती करावी, असंही त्यात लिहिलंय. मग चांदीच्या खाणी आल्या. युरेका गावातल्या भट्ट्यांना लोणारी कोळसा लागायचा आणि तो पिन्यॉनचा. १८७८ पर्यंत गावाभोवती सुमारे ५० मैलांपर्यंतचे डोंगर बोडके झाले. शोशोनी माणसं गोऱ्यांच्या गोठ्यांवर मजुरी करू लागली, काहींनी स्वतःची गुरं ठेवली.

क्रेसेंट व्हॅलीतल्या मेरी आणि कॅरी डॅन या बहिणी अशाच गुरंवाल्या. १९७४ साली सरकारनं त्यांच्यावर खटला भरला: सरकारी जमिनीवर विनापरवाना चराई. बहिणींचं म्हणणं एवढंच, की ही जमीन सरकारची झाली कधी ते दाखवा. कागद शोधू लागल्यावर निघाली एक अजब कहाणी. मूळ रहिवाशांचे दावे ऐकणाऱ्या सरकारी आयोगानं १९६२ साली ठरवलं होतं, की गोऱ्या वस्तीच्या ‘हळूहळू अतिक्रमणा’नं ही जमीन शोशोनींच्या हातून गेली. कधी? वकिलांनी सोयीसाठी एक तारीख मान्य केली, १ जुलै १८७२. त्या दिवसाच्या भावानं सुमारे २.४ कोटी एकरांचे २.६ कोटी डॉलर झाले. शोशोनींनी पैसे घ्यायला नकार दिला. तेव्हा १९७९ साली सरकारनं ते आपल्याच तिजोरीत त्यांच्या नावे जमा केले आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की सरकार हेच त्यांचे विश्वस्त, त्यामुळे पैसे पोचले. देणाराही तोच, घेणाराही तोच.

बहिणी हटल्या नाहीत. २००२ साली सरकारी माणसांनी त्यांची सव्वादोनशे गुरं हाकून नेली. अमेरिकी देशांच्या मानवी हक्क आयोगानं त्याच वर्षी सरकारला दोषी धरलं. सरकारनं ते मनावर घेतलं नाही. मेरी २००५ मध्ये वारल्या, कॅरी २०२१ च्या पहिल्या दिवशी. याच मुलखाच्या दक्षिण भागात १९५१ ते १९९२ या काळात ९२८ अणुचाचण्या झाल्या. अमेरिकेतलं बहुतेक सोनंही नेवाडातूनच निघतं आणि त्यातला मोठा वाटा पश्चिम शोशोनींच्या डोंगरांतून.

शोशोनी मुलखाच्या पार नैर्ऋत्य टोकाला, डेथ व्हॅलीत, टिंबिशा शोशोनी राहतात. १९१३ साली ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदवलं गेलं ते याच ठिकाणी. हिवाळ्यात खाली दरीत, जिथे मेस्कीट या झाडाच्या शेंगा मिळतात, उन्हाळ्यात वर पॅनामिंट डोंगरात, जिथे पिन्यॉन आहे, असा त्यांचा वर्षभराचा फेरा. पॅनामिंटमध्येही कोळशासाठी पिन्यॉन तोडला गेला. १८७७ च्या दहा उंच दगडी भट्ट्यांपुढे पर्यटक आज फोटो काढतात. १९३३ साली दरी राष्ट्रीय स्मारक (पुढे राष्ट्रीय उद्यान) झाली आणि रहिवासी अतिक्रमण करणारे ठरले. कुटुंब डोंगरावर गेलं की त्याचं मातीचं रिकामं घर उद्यानाचे कर्मचारी पाण्याच्या नळीनं विरघळवून टाकायचे. लोक तरीही राहिले. १९८३ साली त्यांना टोळी म्हणून मान्यता मिळाली आणि २००० साली काँग्रेसनं कायदा करून सात हजारांवर एकर जमीन त्यांच्या नावे केली, त्यातली ३१४ एकर उद्यानाच्या ऐन मध्यभागी, फर्नेस क्रीकला. मेस्कीटखाली साचलेली वाळू उपसायची, वाळलेल्या फांद्या तोडायच्या, पिन्यॉन झोडपून नव्या फुटव्याला जागा द्यायची, ही कामं उद्यानाच्या नियमात निसर्गाची नासधूस ठरत होती. त्या कायद्यानं उद्यानातलाच मोठा पट्टा टिंबिशांच्या पारंपरिक वापरासाठी राखून ठेवला आणि तिथली झाडं कशी सांभाळायची हे टिंबिशा आणि उद्यान यांनी मिळून ठरवायचं, असं लिहून दिलं.